अंक मोजायच्या प्रोग्रामला शून्य देऊन बघितलंत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थी पुरवणीत कोडिंगचं जे सदर येतं त्यात मागे एक सराव छापला होता, की दिलेल्या पूर्णांक संख्येत किती अंक आहेत ते सांगणारा प्रोग्राम लिहा. आणि त्याच चौकटीत खाली लगेच उत्तरही दिलेलं, म्हणजे मोजणी शून्यापासून सुरू करा, संख्या शून्यापेक्षा मोठी आहे तोवर तिला १० ने भागत जा, दर वेळी मोजणीत १ मिळवा, झालं. उदाहरण १२३४५ चं, उत्तर ५, आणि शेवटी "बघा किती सोपं आहे" असं वाक्य. सदर चांगलंय, बंद करू नका हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं पत्र तक्रारीसारखं वाटणार आहे.

तर या छापलेल्या उत्तराला ० ही संख्या देऊन बघा. ते म्हणतं यात शून्य अंक आहेत. आता कागदावर ० लिहिलं तर समोर एक अंक दिसतो की नाही? दिसतो. मग -४५ देऊन बघा, परत उत्तर शून्य. कारण दोन्ही वेळा "शून्यापेक्षा मोठी आहे का" या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच फटक्याला नाही असं येतं, लूपच्या, म्हणजे परत परत फिरणाऱ्या भागाच्या, आत कोणी शिरतच नाही आणि मोजणी जिथे होती तिथेच राहते. प्रश्नात मात्र "पूर्णांक संख्या" असं स्पष्ट लिहिलंय आणि पूर्णांकांत शून्य पण येतं, ऋण संख्या पण येतात, हे तर शाळेतच शिकवलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की असल्या सरावात खरी मजा कुठल्या कुठल्या संख्या देऊन बघायच्या हे ठरवण्यात आहे, आणि तुम्ही एकच गुळगुळीत उदाहरण आणि लगेच उत्तर छापून नेमकं तेच वाचकाच्या हातातून काढून घेता. मी प्रोग्रामिंग शिकवतो, आणि पोरं टेस्ट करताना कायम १२३ नाहीतर १२३४५ च टाकतात हे इतक्यांदा बघितलंय की आता कोणी स्वतःहून ० टाकलं तर मला मनापासून आनंद होतो.

आधी ही पद्धत का चालते ते नीट सांगायला हवं होतं, चौकटीत ते पण नव्हतं. आपण लिहितो त्या संख्येत प्रत्येक जागा तिच्या उजवीकडच्या जागेच्या दहापट, म्हणून पूर्णांकाला १० ने भागून बाकी टाकून दिली की एककाचा अंक जातो आणि उरलेले सगळे एकेक घर उजवीकडे सरकतात. माळेतला शेवटचा मणी एकेक करून काढावा तसं. १२३४५ चे १२३४, मग १२३, १२, १ आणि शेवटी ०. पाच वेळा भागलं म्हणून पाच अंक. आता ० च्या बाबतीत काय झालं बघा, आपण "संपलं" ही खूण म्हणून जे ० वापरतोय तीच संख्या सुरवातीलाच हातात आलीये, आणि प्रोग्रामला ही सुरवात आहे की शेवट हे कळायला काही मार्गच नाही.

यावर उपाय दोन-तीन आहेत. एक तर वर वेगळी अट टाका की संख्या ० असेल तर उत्तर १ आणि मोकळे व्हा. बरेच जण असंच करतात आणि त्यात चुकीचं काही नाही. दुसरा म्हणजे मोजणीच १ पासून सुरू करा आणि संख्या ९ पेक्षा मोठी आहे तोवर भागा, यात शून्य आपोआप बसतं. आणि तिसरा, मला सगळ्यात आवडतो तो, आधी एकदा भागून मोजून घ्या आणि मग विचारा की अजून काही उरलंय का. सी आणि जावा या प्रोग्रामिंगच्या भाषांत त्यासाठी डू-व्हाइल नावाचं लूपच आहे, जे बहुतेक पुस्तकांत अर्ध्या पानात उरकलेलं असतं आणि विद्यार्थी विचारतात की सर हे कधी वापरायचं. तर इथे वापरायचं! कारण कुठलीही संख्या लिहायला निदान एक अंक तरी लागतोच, आणि हे लूप निदान एकदा तरी फिरतंच. वेगळी अट लिहायची गरज पडत नाही.

काही जण वाद घालतात की गणिताच्या दृष्टीने शून्याला शून्यच अंक म्हणायला पाहिजेत. घालू द्या, वाद मजेदार आहे. पण मग प्रश्न विचारणाऱ्याने ते सांगायला हवं ना, तुमच्या चौकटीत त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

ऋण संख्यांचं प्रकरण याहून चविष्ट आहे, कारण इथे भाषा बदलली की उत्तर बदलतं. बरेच जण काय करतात, "शून्यापेक्षा मोठी" काढून "शून्य नाही तोवर" अशी अट टाकतात. सी किंवा जावामधे हे मस्त चालतं, कारण तिथे पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो, -४५ चे -४ होतात, -४ चे ०, दोन वेळा भागलं, दोन अंक, बरोबर. आता तोच प्रोग्राम पायथनमधे दुहेरी तिरक्या रेघेचा भागाकार वापरून लिहा. तिथे भागाकार खालच्या बाजूला कापला जातो, म्हणजे -४५ चे -५ होतात, -५ चे -१, आणि -१ चे परत -१, परत -१, परत -१... प्रोग्राम थांबतच नाही, शेवटी बंद करावा लागतो. एकाच ओळीचा अर्थ दोन भाषांत असा वेगळा निघतो आणि दोन्ही भाषांचं आपापल्या जागी बरोबरच आहे, ज्याने नुसता १२३४५ टाकून बघितला त्याला हे कधी दिसणारच नाही.

पायथनमधे अजून एक. दुहेरीच्या जागी एकच तिरकी रेघ टाकली तर भागाकार दशांशात होतो, १२३ चे १२.३, मग १.२३, मग ०.१२३, आणि हे शून्यापेक्षा मोठंच राहतं, इतकं लहान होत जातं की शेवटी कॉम्प्युटरला त्याहून लहान आकडा साठवता येत नाही आणि मग कुठे ते शून्य होतं. तोवर मोजणी तीनशेच्या पुढे गेलेली असते. तीन अंकी संख्येचं उत्तर तीनशेच्या वर! हे बघून पोरं हसतात आणि मग कायमचं लक्षात ठेवतात.

ऋण संख्येवर सगळ्यांना सुचणारा इलाज म्हणजे आधी चिन्ह काढून टाकायचं, ॲब्स फंक्शन वापरायचं. ऐकायला एकदम सरळ. पण सी-जावासारख्या भाषांत पूर्णांक ठराविक मापाच्या डब्यात ठेवतात, आणि नेहमीच्या ३२ बिटच्या (म्हणजे ०-१ च्या ३२ घरांच्या) डब्यात सगळ्यात लहान संख्या -२१४७४८३६४८ आणि सगळ्यात मोठी २१४७४८३६४७, म्हणजे ऋण बाजूला एक संख्या जास्त आहे. त्या सगळ्यात लहान संख्येचं चिन्ह काढलं तर जी संख्या यायला हवी तिला त्या डब्यात जागाच नाही. जावात अशा वेळी ॲब्स तीच ऋण संख्या जशीच्या तशी परत देतं, सी मधे तर काय होईल याची भाषाच हमी देत नाही. म्हणजे सावधगिरी म्हणून जे घातलं त्यानेच घोळ केला, आणि चिन्ह न काढता "शून्य नाही तोवर" भागत बसलो असतो तर सी आणि जावात याच संख्येचं उत्तर १० अगदी बरोबर आलं असतं. मला वाटतं या एका गोष्टीसाठी तरी हा सराव करून घ्यावा.

आता तुम्हाला या पत्रानंतर अजून पत्रं येतील की एवढं कशाला, संख्येची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करा, लांबी मोजा, एका ओळीत काम. बरोबर आहे, मी पण रोजच्या कामात तेच करीन आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिथेही खड्डे आहेत. -४५ ची लांबी ३ येते, मायनस पण मोजला जातो. जावास्क्रिप्टमधे १ वर २१ शून्यं एवढी मोठी संख्या झाली की तिची स्ट्रिंग घातांकाच्या रूपात, 1e+21 अशी, येते आणि लांबी भरते ५. त्याच भाषेत १६ वेळा ९ टाईप करा, समोर १ वर १६ शून्यं दिसतील, म्हणजे १६ अंकी संख्या दिली आणि १७ अंकी झाली, कारण साधे आकडे तिथे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच अचूक राहतात. पायथनमधे पूर्णांक कितीही मोठा चालतो अशी ख्याती, पण २०२२ पासून तिथेही पूर्णांकाची स्ट्रिंग करायला ४३०० अंकांची मर्यादा घातलीये, त्याहून मोठी संख्या असली की एरर येतो. का घातली तर फार मोठ्या संख्येचं असं रूपांतर करायला वेळ खूप लागतो, आणि कोणीतरी मुद्दाम तसला लांबलचक आकडा पाठवून सर्व्हर अडकवून ठेवू शकतो. ही मर्यादा सेटिंगने वाढवता येते, पण ती आहे हे तरी माहीत पाहिजे.

शिवाय स्ट्रिंगवाल्यांना एक विचारायचंय, माणसाने ००७ टाईप केलं तर अंक किती? संख्या म्हणून बघितलं तर एक, टाईप केलेला मजकूर म्हणून बघितलं तर तीन. दोन्ही उत्तरं बरोबर, प्रश्न काय विचारलाय त्यावर आहे. फोन नंबर ही या अर्थाने संख्याच नाही, त्यात बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही आणि पुढचं शून्य गेलं तर नंबर बिघडतो, तरी लोक तो पूर्णांकात साठवतात आणि मग शून्य गेलं कुठे म्हणून शोधत बसतात. सी भाषेत तर प्रोग्राममधेच ०१२३ असं लिहिलं तर सुरवातीच्या शून्यामुळे ती संख्या आठच्या पायातली धरली जाते, तिची किंमत होते ८३, आणि अंक भरतात दोन. चार खुणा लिहिल्या आणि उत्तर दोन आलं.

आपल्या वाचकांसाठी खास म्हणजे, हेच अंक देवनागरीत दिले तर? तुमचा पेपर तर देवनागरी आकडेच छापतो. पायथनला १२३ हे देवनागरीत लिहिलेलं पूर्णांकात बदलायला सांगा, तो निमूट बदलतो आणि लांबी पण ३ च सांगतो. जावास्क्रिप्ट म्हणतं ही संख्याच नाही. आणि सी मधे स्ट्रिंगची लांबी मागितली तर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत ९ येते, कारण प्रत्येक देवनागरी अंकाला तीन बाईट (साठवणीची घरं) लागतात आणि सी बाईट मोजतं. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून बघितलं तर अंक, अक्षर आणि बाईट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. असा प्रयोग मराठी पेपरने नाही छापायचा तर कोणी छापायचा?

लॉगचा, म्हणजे १० चा कितवा घात केला की ती संख्या येते त्या आकड्याचा, रस्ता पण आहे. ज्यांनी शाळा-कॉलेजात लॉग टेबल वापरलंय त्यांना आठवत असेल, संख्येत जितके अंक त्यापेक्षा एक कमी म्हणजे कॅरेक्टरिस्टिक (लॉगचा पूर्णांक भाग), हे पाठच असायचं. जॉन नेपियर या गणितज्ञाने १६१४ मधे लॉगॅरिदम मांडले, नंतर हेन्री ब्रिग्जने ते १० च्या पायावर आणले आणि त्यामुळेच हा अंकांचा हिशोब इतका सोपा बसला. म्हणजे १० च्या पायाचा लॉग काढा, दशांश भाग टाकून द्या, १ मिळवा. २ चा १०० वा घात किती अंकी? २ चा लॉग ०.३०१०३, गुणिले १०० म्हणजे ३०.१, म्हणून ३१ अंकी, संख्या न लिहिता कळलं. ऑक्टोबर २०२४ मधे जी तोवरची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, तिच्यात ४१०२४३२० अंक आहेत, हे पण असंच कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत काढता येतं, फक्त २ च्या लॉगचे दशांश जास्त घरांपर्यंत घ्यावे लागतात. (त्या वजा १ मुळे अंक कमी होत नाही, का ते विचार करून बघा, सोपं आहे पण छान आहे.)

पण कॉम्प्युटरवर हाच रस्ता आंधळेपणाने वापरू नये. शून्याचा लॉगच नाही, तिथे एरर नाहीतर ऋण अनंत येतं. आणि १५ वेळा ९ लिहून जी संख्या होते तिचा लॉग १५ पेक्षा इतका किंचित कमी आहे की नेहमीच्या ६४ बिटच्या दशांश आकड्यात तो सरळ १५ असाच साठवला जातो, आणि उत्तर येतं १६. एक अंक फुकट. पायथनमधे १००० चा लॉग पाया १० सांगून साध्या लॉग फंक्शनने काढला तर ३ च्या ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ मिळतं, दशांश टाकून दिले की राहिले २, मिळवा १, म्हणजे १००० मधे तीन अंक! १० च्या पायाचं वेगळं फंक्शन आहे ते वापरलं तर ही चूक होत नाही, पण १५ नवांची होतेच.

कोणी म्हणेल एका अंकाने काय बिघडतं. बिघडतं. कॉम्प्युटरमधला वेळ बऱ्याच ठिकाणी १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात आणि ९ सप्टेंबर २००१ ला हा आकडा ९ अंकांवरून १० अंकांवर गेला. जिथे कोणी तो मजकूर म्हणून साठवून क्रमाने लावत होतं तिथे नवीन तारखा जुन्यांच्या आधी जाऊन बसणार, कारण मजकुराच्या क्रमात १ ने सुरू होणारं ९ ने सुरू होणाऱ्याच्या आधी येतं, मग त्यात अंक कितीही असोत. आणि मे २०२१ मधे बर्कशायर हॅथवे या अमेरिकन कंपनीच्या शेअरची किंमत ४२९४९६.७२९५ डॉलरच्या जवळ गेली तेव्हा नॅस्डॅक या शेअर बाजाराला भाव पाठवणाऱ्या आपल्या काही फीडवर त्या शेअरचा भाव दाखवणं काही काळ थांबवावं लागलं, कारण भाव चार दशांश धरून ३२ बिटच्या, पण ऋण संख्या न ठेवणाऱ्या पूर्णांकात ठेवलेला होता आणि तो डबा ४२९४९६७२९५ ला भरतो. इतक्या महागड्या शेअरचा विचार डबा ठरवताना कोणाच्या डोक्यात आलाच नसणार.

एआयला विचारलं की हा प्रोग्राम क्षणात मिळतो हे मला माहितीये, विद्यार्थी तेच करतात हे पण माहितीये. मिळू दे की. मिळालेल्या उत्तराला ०, -७ आणि -२१४७४८३६४८ देऊन बघायची बुद्धी मात्र ज्याने निदान एकदा स्वतः डोकं आपटलंय त्यालाच होते, म्हणून तर तुमच्या सदराची गरज आहे.

तर विनंती अशी. प्रश्न एका आठवड्यात छापा आणि उत्तर पुढच्या. प्रश्नासोबत प्रोग्राम न देता चार-पाच संख्या द्या ज्यांवर प्रोग्राम चालवून बघायचा, त्यात गुळगुळीत एकच असू दे, बाकी ०, ९, १०, एखादी ऋण, एखादी डब्याच्या काठावरची. ९ आणि १० मुद्दाम म्हणतोय, अंकांची संख्या जिथे बदलते तिथेच बहुतेक प्रोग्राम चुकतात. आणि प्रश्नात लिहा की शून्याचं काय धरायचं, मायनस मोजायचा की नाही, संख्या किती मोठी येऊ शकते, आणि १० च्याच पायात मोजायचं की कसं, कारण २५५ मधे आपल्याला तीन अंक दिसतात पण बायनरीत, म्हणजे २ च्या पायात, तिला आठ लागतात. किंवा मुद्दाम लिहू नका आणि वाचकांना विचारा की प्रश्नात काय काय सांगायचं राहिलंय, हे तर अजून भारी होईल.

पुढच्या अंकासाठी दोन प्रश्न माझ्याकडून. पहिला, १ पासून १००० पर्यंत पानांवर नंबर टाकायचे तर एकूण किती अंक छापावे लागतील, हे आधी कागदावर काढा, मग प्रोग्रामने, आणि दोन्ही जुळतात का बघा. दुसरा, दिलेल्या संख्येतले किती अंक त्या संख्येला पूर्ण भाग घालतात ते सांगणारा प्रोग्राम लिहा, एकच अंक दोनदा आला तर दोनदा मोजायचा, आणि टेस्टसाठी १०१२ नक्की वापरा. उत्तरं मी कळवत नाहीये, आणि तुम्हाला आली तरी त्याच चौकटीत छापू नका.

आपला,
एक नेहमीचा वाचक

ता.क. चौकटीतल्या प्रोग्राममधे सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार छापली गेलीयेत, ई-पेपरवरून जसंच्या तसं कॉपी करून चालवलं तर पायथन त्या ओळीवरच एरर देतो. पुरवणी लावणाऱ्यांना सांगून कोडपुरती ती आपोआप बदलणारी सोय बंद करता येते का बघा.